कच्च्या लिंबाला खेळात घ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लगोरी रंगात आलेली असताना कुणाचं तरी चार वर्षांचं धाकटं भावंड मध्येच येऊन उभं राहतं. मोठी मुलं क्षणभर वैतागतात, मग एकजण म्हणतो, ‘असू दे रे, कच्चं लिंबू आहे.’ त्याच्यावर राज्य येत नाही, बाद झालं तरी त्याला बाहेर बसवत नाहीत. पण ते खेळात असतं, नियम ऐकत असतं, मोठ्यांच्या मागे धावत असतं, आणि वर्षा-दोन वर्षांत पक्कं होतं. मुलाची बुद्धी घडते ती अशीच. जे अजून येत नाही त्यात त्याला सामावून घेणारी, थोडी सवलत देणारी आणि जमेल तसतशी ती सवलत काढून घेणारी माणसं त्याच्या भोवती असावी लागतात. लेव वायगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात हेच शास्त्राच्या भाषेत मांडलं: मूल आज एकट्याने जे करू शकत नाही, पण जाणत्याच्या सोबतीने करू शकतं, तिथेच त्याची वाढ चाललेली असते.

हे पत्र लिहिण्याचं कारण असं, की पुण्यातली घरं आणि पुणे शहर ही दोन्ही मुलांना या सोबतीतून हळूहळू बाहेर काढत आहेत, आणि ती उणीव भरून काढायला पालक भलत्याच ठिकाणी पैसे मोजत आहेत. दिवाळी झाली की नर्सरी प्रवेशांची धांदल सुरू होते आणि वर्तमानपत्राच्या घडीतून ‘ब्रेन डेव्हलपमेंट’ची पत्रकं पडू लागतात. दीड वर्षाच्या मुलासाठी फ्लॅशकार्ड, पाच वर्षांच्या मुलासाठी अबॅकस, शिवाय डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणारे ‘मिडब्रेन’चे वर्ग. या शेवटच्या प्रकारात मूल नाकाजवळच्या फटीतून बघत असतं. फट बुजवली की वाचन थांबतं. अबॅकसने आकडेमोड चपळ होते, पण त्याने एकूण बुद्धीच वाढते असं ठामपणे सांगता येत नाही. आणि फ्लॅशकार्डावरचं सफरचंद ओळखणाऱ्या मुलाने सफरचंद हातात घेऊन त्याचा वास घेतलेला नसेल, तर त्याला फक्त एक चित्र आणि एक आवाज यांची जोडी पाठ झालेली असते.

सोबत नसेल तर काय होतं, हे रोमानियात दिसलं. बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास २००० साली सुरू झाला. मुलांना खायला मिळत होतं, छप्पर होतं. पण सांभाळणाऱ्या बायका मोजक्या आणि पाळीपाळीने बदलणाऱ्या. निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकून निवडून कुटुंबांत ठेवलं गेलं. साडेचार वर्षांच्या वयात त्यांचा बुद्ध्यांक संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे वर होता, आणि जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

पण आपल्याला जास्त उपयोगी आहे तो जमैकाचा अनुभव. किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८०च्या दशकात वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली गेली, वय ९ ते २४ महिने. त्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी एक आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर जायची, दोन वर्षं. तिच्या पिशवीत महागडं काही नसायचं. रिकामे डबे, बाटल्यांची झाकणं, चिंध्यांची बाहुली, हाताने काढलेली चित्रं. ती स्वतः मुलाला शिकवायची नाही; मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, हे आईला करून दाखवायची आणि खेळणी आठवडाभर तिथेच ठेवून जायची. वीस वर्षांनी ही मुलं कमावती झाली तेव्हा ज्यांच्या घरी ती सेविका जात होती त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. सेविकेचा तास संपल्यावर उरलेला आठवडाभर आईच मुलाशी खेळत होती, हे त्यामागचं कारण.

त्या आयांना काय शिकवलं गेलं, ते कोणत्याही घरात आजपासून करता येतं. दहा महिन्यांचं बाळ पंख्याकडे बघून हात करतं, ‘अं!’ म्हणतं. इथे तीन गोष्टी करायच्या. बाळाची नजर जिथे आहे तिथे आपली नजर न्यायची. त्या वस्तूचं नाव घ्यायचं, ‘हो, पंखा! पंखा फिरतोय गरगर.’ आणि मग गप्प राहायचं. मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे. चुकतं ते याच जागी. मोठी माणसं थांबत नाहीत. बाळ उत्तराची जुळवाजुळव करत असतानाच पुढचं वाक्य येऊन आदळतं आणि बाळ सोडून देतं. थांबलं की ते पुन्हा काहीतरी म्हणतं, हात हलवतं, आपल्याकडे बघतं. मग त्याला पुन्हा उत्तर. मूल एक शब्द बोलायला लागलं की आपण त्यात एक-दोन शब्दांची भर घालायची. ते ‘भू’ म्हणालं तर ‘हो, काळा भू-भू. झोपलाय बघ.’ बोलाला बोल मिळत राहणं महत्त्वाचं. २०१८ साली अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं नोंदवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले गेले. भाषेचा भाग अधिक कार्यरत दिसला तो ज्यांच्याशी बोलण्याची देवाणघेवाण जास्त होत होती त्या मुलांत. नुसते कानावर पडलेले शब्द किती, याने तेवढा फरक पडला नाही. आईबापांचं उत्पन्न हिशेबात धरूनही हे खरं ठरलं.

देवाणघेवाणीच्या जागी परीक्षा घेणं ही दुसरी नेहमीची चूक. ‘हा कोणता कलर? कावळा कसा करतो? काकांना एबीसीडी म्हणून दाखव.’ याचं उत्तर एका शब्दात येतं आणि संभाषण तिथेच संपतं. त्याऐवजी ‘कावळा आज एकटाच आला वाटतं’ एवढं म्हणून बघा. मुलाला त्यावर बोलायला जागा राहते.

मोबाइल याच ठिकाणी नडतो. २००३ साली सिॲटलमध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेचे १२ छोटे तास दिले गेले. समोर बसलेल्या बाईकडून ज्यांनी ऐकली त्यांना त्या भाषेतले ध्वनी ओळखता येऊ लागले. तीच भाषा पडद्यावरून ऐकलेल्या बाळांना काहीच आलं नाही. पडदा बाळाच्या नजरेला उत्तर देत नाही. नुसता चालू ठेवलेला टीव्हीही निरुपद्रवी नाही. २००९च्या एका अमेरिकन अभ्यासात टीव्हीच्या आवाजाच्या दर तासामागे मोठ्यांकडून मुलाच्या कानावर पडणारे शब्द सुमारे ७७० ने कमी झालेले आढळले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितलेली मर्यादा अशी: दोन वर्षांखाली पडदा अजिबात नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल यात धरू नये, कारण तिथे पलीकडे उत्तर देणारं माणूस असतं.

जेवताना मोबाइल ही पुण्यातल्या घराघरांतली अडचण. तीन जेवणं, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे दिवसाचा दीड तास. एरवी हा वेळ घास, चव, चिऊ-काऊ, ‘आणखी हवं’, ‘पुरे’ अशा बोलण्याचा असतो. तो जातोच, शिवाय पोट भरल्याचं मुलाला कळेनासं होतं. सवय मोडायची तर तिन्ही जेवणांत एकदम मोडू नका. ज्या वेळी सर्वांत जास्त भूक असते ते एक जेवण निवडा. त्याआधी अडीच तास बिस्किटं, दूध काही नको. सगळ्यांबरोबर ताटावर बसवा, वाटीत थोडंसं द्या, स्वतःच्या हाताने खाऊ द्या, सांडू द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी रागावल्याशिवाय ताट उचला. घरातल्या कुणाचाच फोन त्या वेळी दिसता कामा नये. पहिले चार-पाच दिवस रडारड होते. बहुतेक घरं तिसऱ्या दिवशी हरतात, कारण आजोबांना बघवत नाही आणि ते फोन देतात. त्यामुळे मूल पुढच्या वेळी जास्त वेळ रडायला शिकतं. म्हणून सुरुवात करण्याआधी आजी-आजोबांशी आणि सांभाळणाऱ्या मावशींशी बसून बोलून घ्या.

आता भाषेबद्दल. ‘बाळा, वॉटर पी. शूज घाल. बघ, डॉगी!’ शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून घराघरांत हे चाललं आहे. दोन किंवा तीन भाषांनी मुलाचं काही बिघडत नाही. ती सहज शिकतात. बिघडतं ते कुठलीच भाषा पुरती न मिळाल्याने. आईवडिलांना ज्या भाषेत रागावता येतं, समजूत घालता येते, कारण सांगता येतं, त्या भाषेत पूर्ण वाक्यं मिळाली पाहिजेत. ‘वॉटर पी’ म्हणणाऱ्या घरात रांजण, फुलपात्र, घोटभर, ओंजळ, गढूळ, कोमट हे शब्द येतच नाहीत, आणि त्यांच्या जागी त्या तोलाचे इंग्रजी शब्दही येत नाहीत. मराठी स्वयंपाकघरात तर गणित फुकट मिळतं. अर्धी पोळी, चतकोर भाकरी, पाव किलो, पाऊण वाटी, सव्वा तास, दीड, अडीच. पाच वर्षांच्या मुलाने रोज चतकोर मोडून घेतली असेल, तर पुढे वर्गात एक चतुर्थांश आल्यावर त्याला बिचकायचं कारण उरत नाही.

कामात कसं घ्यायचं, याचं एक उदाहरण जवळून बघू. थंडीत मंडईतून किलोभर मटार येतो. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला शेजारी बसवा आणि दहा-बारा शेंगा वेगळ्या काढून द्या. शेंगेचं टोक आधी आपण मोडायचं, कारण तेवढा जोर त्या बोटांत नसतो; शिवण उघडायचं काम त्याचं. फोडण्याआधी विचारा, ‘ही फुगलीय आणि ही चपटी. कुणात जास्त दाणे असतील?’ मग फोडून बघायचं. चपटीत तीन निघतात, फुगलेलीत आठ. कधी फुगलेलीत किडका दाणा आणि अळी निघते, मग गप्पांना ऊत येतो. अंदाज, पडताळा, मोजणी, तुलना, चिमटीची ताकद, सगळं एका परातीत. मोजताना ते पाचनंतर सात म्हणालं तर अडवू नका. पुढची शेंग तुम्ही मोठ्याने, दाण्यावर बोट ठेवून मोजा. पंधरा मिनिटांनी लक्ष उडतं, तेव्हा उठू द्या. हे फसतं ते घाईच्या दिवशी. ऑफिसची वेळ झालेली असताना मूल शेंगेशी खेळत बसलं की हातातून ओढून घेतलं जातं. रविवारी करा, आठवड्यातून एकदा पुरे. आणि उठून जाऊ नका. नाकात दाणा घालायचं हेच वय, आणि कच्चे मटार, शेंगदाणे, फुटाणे घशात अडकतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नुसती टरफलं द्या.

आहाराबद्दल एकच मुद्दा मांडतो, पण तो कळीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. मेंदूच्या तंतूंवरचं आवरण तयार व्हायला आणि मेंदूतले रासायनिक संदेश चालायला लोह लागतं. लोह कमी पडलेलं मूल मंद दिसतं, चिडचिडं असतं, त्याचं लक्ष टिकत नाही, आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. बाळाचा जन्मतःचा लोहाचा साठा सहा महिन्यांपर्यंत पुरतो. नेमकं तेव्हापासून बऱ्याच घरांत वरणाचं पाणी, भाताची पेज आणि भरपूर दूध सुरू होतं. पाण्यात लोह नसतं, दुधात नगण्य असतं, आणि दिवसाला अर्ध्या लिटरवर दूध गेलं की बाकी काही खायला पोटात जागा राहत नाही. घट्ट वरण-भात, त्यावर लिंबू पिळून. पालेभाजी बारीक करून. खाणाऱ्या घरांत अंडं, मासे, कलेजी. नाचणी चांगली, पण ती मुख्यतः कॅल्शियमसाठी; लोहाची भिस्त तिच्यावर ठेवू नका. चहा-चपातीतला चहा बंद, कारण तो अन्नातलं लोह शोषू देत नाही. सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिलि असं मोफत मिळतं. शी काळी झाली म्हणून घाबरून आया ते बंद करतात. काळी होणं अपेक्षितच आहे.

आईच्या मनाबद्दल घरात कमी बोललं जातं. भारतातल्या अनेक अभ्यासांची बेरीज करून २०१७ साली असा अंदाज निघाला, की बाळंतपणानंतर सुमारे २२ टक्के स्त्रियांना नैराश्य येतं. अशा वेळी आई बाळाला दूध पाजते, दुपटी बदलते, पण तिचा चेहरा हलत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना दोनच मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं होतं. बाळांनी आधी हसून बघितलं, हात केले, आवाज काढले, आणि शेवटी मान फिरवून घेतली. घरात हे महिनोन्‌महिने चाललं तर बाळ हाका मारणंच सोडतं. ‘बाळंतिणीला रडू येतंच’ म्हणून दोन आठवड्यांपलीकडे वाट पाहू नये, डॉक्टरांना सांगावं. तोवर बाळाशी बोलणारं दुसरं माणूस नेमून द्यावं. बाप, आत्या, आजी, कुणीही. पण रोज तेच. हेच पाळणाघर निवडताना बघा. भिंतीवरच्या कार्टूनपेक्षा एका मावशींकडे तान्ही मुलं किती आणि त्या मावशी वर्षभर टिकतात का, हे आधी विचारा. तीन-चारच्या वर तान्ही मुलं एकीच्या हाती असतील तर नुसती राखण होते, बोलणं होत नाही.

उशिरा बोलण्याबद्दल ‘मुलगा आहे, त्याचा बापही उशिराच बोलला’ ही समजूत फार नुकसान करते. वर्षाचं होईपर्यंत ‘बाबा-मामा-दादा’सारखी बडबड नाही, बोट दाखवणं नाही, टाटा नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ असे स्वतःचे दोन शब्द जोडलेले नाहीत, किंवा कोणत्याही वयात आलेलं बोलणं नाहीसं झालं, तर थांबू नका. पहिली तपासणी कानाची. सततच्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, ऐकू अर्धवट येतं आणि मूल ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसतो. नवजात बाळाची श्रवण तपासणी पहिल्या महिन्यातच व्हायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३पासून, अशा मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई तिथे पाठवू शकतात.

आता घराबाहेर येऊ. विषामृतात ‘विष’ म्हटलं की पळण्याच्या भरात असलेलं अंग जागच्या जागी गोठवावं लागतं. डबा ऐसपैसमध्ये कोण कुठे लपलं असेल आणि डबा किती लांब आहे, हे एकाच वेळी डोक्यात ठेवावं लागतं. स्वतःला आवरणं, लक्षात धरणं, नियम बदलला की बदलणं: शाळेत लागणाऱ्या एकाग्रतेचे हेच कप्पे आहेत, आणि ते अशा खेळांत रोज वापरले जातात. वयाने लहानमोठी मुलं एकत्र असली तरच हे होतं. एकाच वयाच्या वीस मुलांच्या क्लासात कच्चं लिंबू कुणीच नसतं. वाड्यांची अंगणं गेली, त्या जागी सोसायट्यांची पार्किंग आली, आणि पार्किंगच्या खांबांवर ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी. अनेक बागांना दुपारी कुलूप, रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नाही.

आवाजाचंही तसंच. न्यूयॉर्कमध्ये एक शाळा उन्नत रेल्वेमार्गाला लागून होती. १९७५च्या अभ्यासात रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली. वरच्या इयत्तेत तर वर्षभराच्या जवळपास. नंतर रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं आच्छादन लावलं, आणि पुढच्या पाहणीत हा फरक नाहीसा झाला. गोंगाटात ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतला भेद कानाला कळत नाही, आणि वाचायला शिकणाऱ्या मुलाला नेमका तोच लागतो. शाळेभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, असं २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. पुण्यातल्या रस्त्यालगतच्या शाळांत खिडक्या बंद करून शिकवावं लागतं, ही परिस्थिती महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी बदलायला हवी.

झोपेसाठी राज्य सरकारने २०२४ साली पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. हिंजवडीहून नऊला परतणाऱ्या आईवडिलांची वाट बघत साडेअकराला झोपणारं मूल ती कशी घेणार? रोज रात्रीच्या गोंधळापेक्षा सकाळची वीस मिनिटं, आंघोळ आणि नाश्त्याची, फोन बाजूला ठेवून मुलाला द्यावीत.

शेवटी, ज्यांच्याकडे यातलं काहीच निवडण्याची मुभा नाही अशा मुलांबद्दल. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६च्या कायद्याने ५०पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली सक्तीची केली होती. कामगार पोटठेकेदारांत विभागले की कागदावरचा आकडा पन्नासच्या खाली येतो आणि मूल वाळूच्या ढिगावर राहतं. बांधकामाला परवानगी देताना महापालिकेने ठेकेदारनिहाय नव्हे, तर साइटवरच्या एकूण स्त्रिया मोजाव्यात आणि पाळणाघराचा नकाशा आधी मागावा. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात १९४५ साली सुरू झालेल्या ग्राम बाल शिक्षा केंद्राच्या कामात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं येत नाहीत म्हणून बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आज शहरातल्या बऱ्याच अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात आणि सेविकेचा दिवस नोंदवह्या, मोबाइल ॲप आणि सर्वेक्षणांत जातो. तिच्या डोक्यावरची ही कामं कमी करून दोन वर्षांखालच्या मुलांच्या घरी आठवड्याला एक तास, डबे-झाकणांची पिशवी घेऊन जाणं हे तिचं पहिलं काम ठरवावं. जमैकात जमलं, ते पुण्यातही जमेल.

आणि सोसायट्यांच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत एक विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा: खेळण्यास मनाईची पाटी काढून रोज संध्याकाळी ५ ते ७ पार्किंगची एक रांग गाड्यांपासून मोकळी ठेवणे.

आपला विश्वासू,
बालवाडी शिक्षकांचा एक प्रशिक्षक, पुणे